खापरी नळापासून काळ्या टाकीपर्यंत

पोकळ वस्तू घडवणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, भिंत आणि भोक. भिंतीला माल लागतो. भोकाला माल लागत नाही, पण ते आपण होऊन टिकतही नाही. ओली माती ढासळते आणि तापलेले प्लास्टिक स्वतःच्या वजनाने चपटे होते. भिंत घट्ट होईपर्यंत आतली पोकळी कशाने धरायची, या एका प्रश्नाभोवती ही सगळी कारागिरी फिरत आली आहे. कधी कुंभाराच्या हाताने ती धरली, कधी पोलादी गाभ्याने, कधी हवेने, तर कधी नुसत्या गरगर फिरण्याने. पाइप, तेलाचा कॅन, पिशवी आणि गच्चीवरची टाकी बाजारात चार वेगळ्या दुकानांत मिळतात, पण कारखान्यात त्यांची जात पोकळी कशाने धरली यावरूनच ठरते.

छत्रपती संभाजीनगरात या इतिहासाची दोन्ही टोके सापडतात. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी गाव वसवले आणि पुढच्या काही वर्षांत उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. तीच नहर-ए-अंबरी. पुढे औरंगाबाद झालेल्या या शहराला आणखी नहरी मिळाल्या आणि पाणचक्की चालवणारी नहर त्यांतली सर्वांत ओळखीची झाली. पाण्याच्या या वाटेत बांधीव बोगदे आहेत, पाण्याचा दाब सांभाळणारे मनोरे आहेत आणि भाजलेल्या मातीचे खापरी नळही आहेत. खापरी नळ म्हणजे चाकावर ओढलेले बिनबुडाचे भांडे. एक तोंड रुंद, दुसरे निमुळते. एकाचे निमुळते तोंड पुढच्याच्या रुंद तोंडात बसवायचे आणि सांधा चुन्याने भरायचा. इथे पोकळी धरणारा हात कुंभाराचा असतो, आणि म्हणून नळाची लांबीही त्याचा हात आत जितका पोचेल तितकीच. लांबवर पाणी न्यायचे तर दर हातभर अंतरावर एक सांधा आला. सांधा आला की गळती आली, आणि गळतीच्या ओलाव्याला झाडांची मुळे आली. चांगला खापरी नळ शतके टिकतो, त्याचा सांधा मात्र टिकत नाही.

या इतिहासाचे दुसरे टोक उस्मानपुऱ्यात दिसते. शहराचा हा भाग जुन्या तटबंदीच्या बाहेर, क्रांती चौक आणि रेल्वे स्टेशन यांच्या दरम्यान येतो. नहरींचे जाळे मुख्यतः तटबंदीच्या आतल्या शहरासाठी होते. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली, स्टेशनकडे जाणारा रस्ता वाढला आणि १९५५ साली शासकीय तंत्रनिकेतन सुरू झाले. उस्मानपुऱ्याची आजची दाट वस्ती उभी राहिली ती लोखंडी आणि त्यामागोमाग आलेल्या प्लास्टिकच्या नळांच्या काळात. इथल्या इमारतींच्या मागच्या भिंतींवरून उतरणारे करडे पाइप आणि गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या हे त्या काळाचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणावे लागेल.

सांध्याशिवाय हवा तितका लांब नळ काढायची युक्ती प्रथम शिशावर आजमावली गेली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९७ साली वितळलेले शिसे दट्ट्याने ढकलून, मधे गाभा असलेल्या गोल तोंडातून बाहेर काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८२० साली थॉमस बर याने त्याला पाण्याच्या दाबावर चालणारी प्रेस जोडली. दिवाळीत सोऱ्यातून शेव-चकली पाडणाऱ्याला हे यंत्र समजावून सांगावे लागत नाही. सोऱ्याच्या ताटलीला भोके असतात, तिथे भोकाच्या मधोमध एक दांडा उभा केला की शेवेऐवजी नळी पडेल. तो दांडा म्हणजेच गाभा. पोकळी धरण्याचे काम हातावरून पोलादाकडे गेले.

शिशाच्या जागी पॉलिमर आला तो झाडाच्या चिकातून. मलाया भागातल्या झाडांचा गटापर्चा नावाचा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि गार झाल्यावर घट्ट बसतो. १८४५ साली हेन्री ब्युलीने शिशाच्या यंत्रात फेरफार करून गटापर्च्याच्या नळ्या काढल्या. त्याच रीतीत गाभ्याच्या जागी तांब्याची तार सरकवली की तारेवर आवरण चढते. समुद्राच्या तळातून जाणाऱ्या तारा शक्य झाल्या त्या या युक्तीने. १८७० साली मुंबईला लागलेली समुद्री तार गटापर्च्याने मढवलेली होती. पुढे ही नळी काढणारे यंत्र रबराने आपलेसे केले. दट्ट्या एका वेळी एकच घाणा ढकलू शकतो, मग थांबून पुन्हा भरावा लागतो. १८७९ साली मॅथ्यू ग्रे याने ब्रिटनमध्ये स्क्रूच्या एक्स्ट्रुडरचे पेटंट घेतले आणि माल अखंड पुढे सरकू लागला. आज पाइपच्या कारखान्यात जे यंत्र दिसते, त्याचा सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

बदलला तो आतला माल. व्हिनाइल क्लोराइडपासून बनणारा पांढरा भुगा, म्हणजेच पीव्हीसी, एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्रज्ञांच्या नजरेस आला होता, पण त्याचे करायचे काय हे कोणालाच कळेना. जर्मनीत फ्रित्झ क्लाटेने १९१३ साली त्याचे पेटंट घेतले आणि काही वर्षांनी ते सोडून देण्यात आले. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमनने त्यात मऊ करणारे द्रव्य मिसळून त्याला लवचिक केले. कडक पीव्हीसीचे पाइप मात्र १९३०च्या दशकात जर्मनीत प्रथम निघाले. पीव्हीसीचा स्वभाव अवघड आहे. तो वितळू लागतो आणि करपू लागतो त्या दोन तापमानांत फारसे अंतर नाही. साधारण १८० ते २०० अंशांवर काम चालते, आणि तिथे तो जरा जास्त वेळ थांबला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडत पिवळा, मग तपकिरी होतो. तो करपू नये म्हणून त्यात स्थिरक मिसळतात. दीर्घकाळ हे स्थिरक शिशाचे असत. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात शिसे असावे ही विसंगती भारतात कायद्याने मिटवायला २०२१ चे नियम यावे लागले. आता त्याजागी कॅल्शियम-झिंकसारखी मिश्रणे वापरली जातात.

पीव्हीसी पाइप निघतो तो असा. हॉपरमध्ये मिसळलेली पावडर पडते. बॅरलमध्ये एकमेकांत गुंतलेले दोन स्क्रू उलटसुलट फिरत ती दाबून, घासून वितळवतात. पुढे डाय, म्हणजे आकार देणारे तोंड. डायच्या मधोमध पोलादी गाभा असतो, पण तो अधांतरी कसा राहणार? त्याला बाहेरच्या कड्याशी जोडणारे पाय द्यावे लागतात, म्हणून या भागाला स्पायडर म्हणतात. वितळलेला माल त्या पायांपाशी फाटतो आणि पाय ओलांडल्यावर पुन्हा जुळतो. हा जोड डोळ्यांना दिसत नाही. पण जुना पाइप कधी लांबीच्या दिशेने, सरळ रेषेत चिरला तर ती चीर बहुतेकदा अशाच एका जोडावरून गेलेली असते. मालात खडूच्या भुकटीचे प्रमाण बेसुमार वाढवले किंवा डाय नीट तापली नाही की जोड कच्चा राहतो. स्वस्त पाइप पहिल्याच उन्हाळ्यात उभा उकलतो त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

डायमधून बाहेर आलेली नळी अजून मऊ असते आणि गाभा मागे राहिलेला असतो. या क्षणी भोक धरायचे काम पुन्हा कोणाला तरी द्यावे लागते, आणि इथला उपाय सगळ्यांत चतुर आहे. नळी एका बंद पेटीत शिरते. तिथे पितळी कड्यातून जाताना तिच्यावर गार पाण्याचे फवारे पडतात आणि पेटीतली हवा पंपाने ओढून घेतलेली असते. बाहेर निर्वात, आत साधी हवा, त्यामुळे भिंत बाहेरच्या बाजूला खेचली जाऊन कड्याला चिकटते. आतून आधार देण्याऐवजी नळी बाहेरून ओढून गोल ठेवली जाते. पुढे रबरी पट्ट्यांचे यंत्र तिला सारख्या वेगाने ओढते, करवत सहा मीटरवर कापते आणि शेवटी एक टोक तापवून त्यात ठोकळा खुपसला की सॉकेट तयार होते. एक तोंड रुंद, एक नेहमीचे. खापरी नळाची जुनीच रीत, फक्त सांधा आता दर हातभराऐवजी दर वीस फुटांवर येतो.

भारतात पीव्हीसी आणि पॉलिथिलीन बनू लागले ते १९६०च्या आसपास. मुंबई-ठाण्याचा पट्टा त्यात आघाडीवर होता. ट्रॉम्बे, चेंबूर आणि ठाण्यात १९६०च्या दशकात एकापाठोपाठ एक कारखाने निघाले. पाइपांची भारतीय मानके, पीव्हीसीसाठी आयएस ४९८५ आणि एचडीपीई म्हणजे कडक पॉलिथिलीनसाठी आयएस ४९८४, ही त्याच दशकातली. पण पाइपाला खरी मागणी आली ती शेतातून. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या, विजेचे पंप बसले, आणि पाटाने पाणी देताना निम्मे वाटेतच मुरते हे प्रत्येकाला दिसत होते. जळगावात भवरलाल जैन यांनी १९८० साली पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू केले. पुण्यात छाब्रिया बंधूंच्या फिनोलेक्सने १९८१ च्या सुमारास याच धंद्यात पाऊल टाकले आणि १९९४ साली रत्नागिरीजवळ रनपारच्या किनाऱ्यावर पीव्हीसीची पावडरच बनवायला घेतली. पाइप करणारा आपला कच्चा माल आपणच करू लागला.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने या पाइपाला आणखी एक प्रक्रिया घरच्या घरी शिकवली. सॉकेट फुटले किंवा पाइप मधेच कापावा लागला, तर काडीकचऱ्याचा जाळ करून पाइपाचे टोक त्यावर फिरवत धरायचे. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो. टोक ढिले पडले, जरा तपकिरी झाले की दुसरा पाइप त्यात ठासून घुसवायचा आणि वरून ओले फडके गुंडाळायचे. हे काम मानकात बसत नाही आणि धूर अंगाला चांगला नाही, पण रात्री वीज येण्याआधी पाइप जोडून तयार ठेवायचा असतो.

ठिबकाची काळी नळी हा या कुळातला पुढचा टप्पा. इस्रायलमध्ये सिम्हा ब्लास यांच्या कल्पनेवरून १९६५ साली नेटाफिमने ठिबक सिंचन बाजारात आणले. महाराष्ट्रात त्याचा प्रसार १९८०च्या दशकात झाला आणि जळगावची जैन इरिगेशन ही कंपनी १९८६ साली याच कामासाठी निघाली. ही नळी पॉलिथिलीनची असते. पॉलिथिलीन १९३३ साली इंग्लंडमध्ये, एका फसलेल्या प्रयोगाच्या तळाशी उरलेल्या मेणचट साक्यातून सापडले. ते पीव्हीसीइतके लवकर करपत नाही, त्यामुळे त्याला एकच स्क्रू पुरतो. उन्हात मात्र ते ठिसूळ होते, म्हणून त्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळतात. नळीचा काळा रंग शोभेसाठी नाही, सावलीसाठी आहे. नळी डायमधून निघत असतानाच मागून पाणी थेंबथेंब सोडणारा एकेक ड्रिपर आत ढकलला जातो, तापलेल्या भिंतीला तो आतून चिकटतो, आणि नळी गार झाल्यावर बरोबर त्याच्या वर बारीक भोक पाडले जाते. यंत्र हे सगळे मिनिटाला शंभर मीटरच्या पुढच्या वेगाने करते. इतक्या मेहनतीने केलेली भोके पुढे विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, आणि पाण्याच्या शोधात आलेले उंदीर व खारी आपली नवी भोके पाडून जातात.

साधी प्लास्टिकची पिशवीसुद्धा मुळात नळीच. गोल फटीच्या डायमधून पॉलिथिलीनची पातळ नळी उभी वर काढतात, मधून हवा भरतात आणि तिचा उंच फुगा होतो. वर रुळांच्या जोडीत फुगा चेपला की सपाट, दुहेरी कापड मिळते. म्हणून अशा पिशवीला बाजूंना शिवण नसते, फक्त तळाला असते. छोट्या गाळ्यात, एका यंत्रावर, दोन माणसांत हा धंदा चालत असे. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेचा सर्वांत मोठा फटका याच गाळ्यांना बसला.

पण हवा खऱ्या अर्थाने कामाला आली ती डबे आणि बाटल्यांत. काचेत फुंकून बाटली करणे दोन हजार वर्षांचे आहे. पॉलिमरमध्ये ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेल्युलॉइडवर सुरू झाले. साच्याच्या दोन भागांत दोन पत्रे ठेवायचे आणि मधून वाफ सोडायची, की बाहुली नाहीतर खुळखुळा तयार. सेल्युलॉइड पेट घेणारे असल्याने ही रीत खेळण्यांपुढे फारशी गेली नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत एनॉक फर्नग्रेन आणि विल्यम कोपिटके यांनी गरम प्लास्टिकची नळी साच्यात धरून फुगवणारे यंत्र काढले. १९४७ साली दाबून फवारा उडवायची घामरोधकाची प्लास्टिक बाटली अमेरिकेत तुफान खपली आणि ब्लो मोल्डिंगचा, म्हणजे फुगवून घडवण्याचा, धंदा उभा राहिला. १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सीग्लरने कमी दाबावर कडक पॉलिथिलीन बनवून दाखवले, तेव्हा डब्याला लागणारा बळकट मालही मिळाला.

पाच लिटरचा तेलाचा कॅन उलटा करून पाहिला तर त्याचा जन्म वाचता येतो. एक्स्ट्रुडरच्या तोंडातून गरम नळी खाली लोंबते आणि साच्याचे दोन भाग तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. खालचे टोक जिथे चिमटले गेले तिथे तळावर एक जाडसर, आडवी रेघ उरते. त्याच वेळी वरून हवा सुटते आणि नळी साच्याच्या भिंतीला जाऊन थापली जाते. साच्याचे दोन भाग जिथे मिळाले तिथली बारीक रेघ कॅनच्या अंगावरून, मुठीवरून, थेट तोंडापर्यंत जाते. मूठही पोकळच असते, कारण तीही त्याच नळीची चिमटून वेगळी काढलेली शाखा असते. टोकाला चिमटून उरलेला माल कापून ग्राइंडरमध्ये टाकतात आणि तो दाण्यात मिसळून पुन्हा वापरतात.

पाण्याच्या पारदर्शक बाटलीच्या तळाला मात्र रेघ नसते, मधोमध एक टिंब असते. नाथानिएल वायेथ यांनी १९७३ साली पेटंट घेतलेल्या पेट बाटलीचे काम दोन टप्प्यांत चालते. आधी परीक्षानळीसारखे जाड, आखूड प्रीफॉर्म साच्यात ओतून करतात आणि माल जिथून शिरला तिथे टिंब राहते. मग तेच प्रीफॉर्म तापवून आतून दांड्याने ताणतात आणि हवेने फुगवतात. दोन्ही दिशांनी ताणल्यामुळे पातळ भिंत बळकट होते. या दोन टप्प्यांमागे वाहतुकीचा हिशेबही आहे. रिकाम्या बाटल्यांचा ट्रक म्हणजे हवेची वाहतूक. प्रीफॉर्म दूरच्या कारखान्यातून मागवून जागेवर फुगवणे स्वस्त पडते, म्हणून बाटली फुगवणारे यंत्र भरणाऱ्या यंत्राच्या शेजारीच बसते.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यावर छत्रपती संभाजीनगराभोवती स्टेशन परिसर, चिकलठाणा आणि पुढे वाळूज अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. औषधे, मोटारींचे भाग, मद्य, रंग या सगळ्यांना पोकळ प्लास्टिक लागते, आणि पोकळ प्लास्टिकला अचूक साचा लागतो. चिकलठाण्यातले इंडो-जर्मन टूल रूम साचे घडवणारे कारागीर तयार करते. तिथेच प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या, केंद्र सरकारच्या सिपेट या संस्थेचे केंद्र आहे, आणि एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्लास्टिक व पॉलिमर अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग. भांडवल मुंबई-पुण्याकडे असले तरी साच्यावर शेवटचा हात फिरवणारा माणूस या शहरात मिळतो.

उस्मानपुऱ्यातल्या गच्चीवरच्या टाकीला मात्र ना डाय लागते, ना फुंकर. ती फिरवून केली जाते. ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोकळ चॉकलेटच्या अंड्यांसाठी वापरात होती. १९५०च्या दशकात पॉलिथिलीनची भुकटी मिळू लागली तेव्हा ती प्लास्टिकला लागू पडली. पत्र्याच्या साच्यात मोजून भुकटी घालतात आणि साचा बंद करून आचेवर एका अक्षाभोवती फिरवत पाळण्यासारखा डोलवतात. भुकटी तापलेल्या पत्र्यावरून घरंगळताना थोडी थोडी वितळून भिंतीला लागत जाते. तव्यावर पातळ धिरड्याचे पीठ फिरवावे तशी, फक्त तवा सगळीकडून बंद. पोकळी धरायला इथे काहीच लागत नाही. माल भिंतीला गेला की मधे जे उरते तेच भोक. फिरवणे चालू ठेवूनच साचा गार करतात, नाहीतर वितळलेला थर खाली ओघळतो. म्हणून टाकीला जोड नसतो, बाहेरची बाजू पत्र्यासारखी गुळगुळीत आणि आतली जरा खडबडीत असते. दोनतीन थरांची टाकी करायची तर बाहेरचा काळा थर लागल्यावर आतल्या थराची भुकटी घालतात. गुजरातमधल्या कलोलच्या सिंटेक्सने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात या टाक्या भारतात रुळवल्या आणि कंपनीचे नाव वस्तूचेच नाव झाले. दुसऱ्या कंपनीची टाकी घेणाराही ‘सिंटेक्स आणली’ असेच म्हणतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात टाकी ही चैन नसून घराचा भाग झाली.

फार बारीक पोकळी इस्पितळात सापडते. डायलिसिसच्या नळकांड्यात केसासारखे हजारो पोकळ तंतू असतात आणि त्यांचे भोक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतके. अमेरिकेत हेन्री माहन यांनी १९६६ साली अशा तंतूंचे पेटंट घेतले. इतक्या लहान नळीत ना गाभा शिरतो, ना हवेवर भरवसा ठेवता येतो. म्हणून गोल फटीतून पॉलिमरचे द्रावण आणि तिच्या मधल्या भोकातून दुसरा द्रव असे एकाच वेळी सोडतात आणि तंतू पाण्यात बुडवतात. पॉलिमर गोठतो, मधला द्रव भोक धरून ठेवतो आणि काम झाल्यावर वाहून जातो.

दुसऱ्या टोकाला, भोक फार मोठे झाले की प्लास्टिकची रीत मागे पडते. आयएस ४९८५ मधला पीव्हीसी पाइप ६३० मिलिमीटर व्यासापर्यंत जातो. जायकवाडी धरणातून छत्रपती संभाजीनगराला पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या, तर नवी २५०० मिलिमीटरची. ती पोलादी आहे. पत्रा गोल वाकवायचा आणि कडा वेल्ड करायच्या. ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला टूथपेस्टची लॅमिनेटेड ट्यूब बनते तीही अशीच, सपाट पट्टी गुंडाळून कडेची शिवण तापवून. जायकवाडीच्या वाहिन्यांतून पाणी जलकुंभात येते, तिथून कमी व्यासाच्या वाहिन्यांत शिरते आणि शेवटी रस्त्याकाठच्या एचडीपीई नळीतून, मोटारीच्या ओढीने, उस्मानपुऱ्यातल्या एखाद्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत पडते.